कोठीवरची नेमणूक

मुख्यमंत्र्यांना राष्ट्रपती नेमतात, असं मी कारखान्याच्या कँटीनमध्ये चारचौघांत ठोकून दिलं, आणि समोर बसलेल्या सबनीसांनी चहाची बशी खाली ठेवली.

“चूक! मुख्यमंत्र्यांना राज्यपाल नेमतात. राज्यपालांना राष्ट्रपती. पंतप्रधान, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, हायकोर्टाचेही, महालेखापरीक्षक, परदेशातले आपले राजदूत, हे सगळे राष्ट्रपतींचे. मुख्यमंत्री नाही!”

माझा चहा गार झाला, तरी त्यांचे राजदूत संपेनात.

सबनीस आमच्या पिंपरीच्या कारखान्यात हेडक्लार्क. क्वार्टरही आमच्या शेजारचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तेव्हा राज्यघटना नवी होती. लोकांना सिनेमाचं वेड, यांना नेमणुकांचं. कुणाशीही ओळख करून दिली की पहिला प्रश्न, “नेमलं कुणी?” नवे पोस्टमास्तर बिचारे खिशात बदलीचा हुकूम चाचपू लागले. राष्ट्रपतींनी नेमलेलं नाही एवढं कळलं, की सबनीस त्या माणसाशी बरोबरीनं बोलायला मोकळे.

आमच्या थोरलीचं लग्न ठरलं, तेव्हा ते आपण होऊन घरी आले. “या घरचे राष्ट्रपती तुम्ही. आता नेमणुका करा.”

खरे राष्ट्रपती आत पोळ्या लाटत होते. तरी मी हुकूम सोडले. पंगतीवर भाऊ नेमला, पाण्यावर मेव्हणा. तूप-साखरेची कोठी मात्र सबनीसांकडे दिली. किल्ली त्यांनी जानव्याला बांधली.

लग्नाच्या दुपारी माझा भोसरीचा दोस्त ज्ञानोबा धावत आला. “राव, तुमच्या सबनीसानं नवऱ्याच्या मामाला तूप न्हाई दिलं! म्हनतोय, पंगतीवाल्याचा निरोप आना. मामा पानावरनं उठलाय!”

“आधी त्या माणसाला काढा,” मेव्हणा कडाडला. “सोयरीक मोडायची का तुपापायी?”

मी कोठीत गेलो. सबनीस तुपाच्या डब्यांना पाठ लावून उभे होते. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, “राज्यपाल राष्ट्रपतींच्या मर्जीवर राहतात. न्यायाधीशाला तसं काढता येत नाही. मी यातला कोण, तेवढं सांगा.”

मला हसू आलं. त्यांना आलं नव्हतं.

“धाकट्या भावाच्या लग्नात मला कुणी काही कामच सांगितलं नाही हो,” ते म्हणाले. “चांगल्या खुर्चीवर बसवलं. दिवसभर बसलो.” आणि जानव्याची गाठ सोडू लागले.

“राहू द्या, सबनीस. तुम्हाला काढायचा मला अधिकार नाही. मामांपुरतं तूप तेवढं द्या.”

“तुमचा निरोप चालेल,” म्हणत त्यांनी वाटी काठोकाठ भरली.

मी सगळं बायकोला सांगितलं. तिनं स्वतः वाटी नेली, मामांची समजूत घातली, त्यांना पुन्हा पानावर बसवलं. परत आली ती पदराला हात पुसत.

“त्यांचं पान मी कोठीतच मांडते,” ती म्हणाली, “आणि शेजारी तुमचं. रोज एकटेच जेवतात ते.”