खवलेसाहेबांची सुट्टी

मुलांनो, हातपाय धुऊन बसलात का? मग ऐका.

एका जंगलात झुबकी नावाच्या शेकरूला रात्रभर झोप लागली नाही. कुशीत तिचा लेक गोंड्या गाढ झोपला होता. घरात फणसाची एकच आठळी उरली होती. आणि उद्या बँकेला सुट्टी होती.

झुबकी शिकलेली होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, आठळ्या आपल्या फांदीच्या बेचक्यात दडवाव्यात. परक्याच्या ढोलीत कशाला?" पण झुबकीने सगळ्या आठळ्या बँकेत ठेवल्या. आता झाडांवर धड पानं उरली नव्हती, फळं कुठली असायला!

बँक होती अर्जुनाच्या झाडाच्या ढोलीत. ढोलीला दार नव्हतं. दाराच्या जागी अधिकारी होते. खवलेसाहेब. जातीने खवले मांजर.

वाघोबा महाराजांचा कायदा सोपा होता. सणाला बँक बंद. सणांना काही तोटा नव्हता. मुंगसांना विजयदिन मिळाला म्हणून साप रुसले, मग त्यांना कात-अमावस्या दिली. दुसरं कलम होतं आणीबाणीचं. अधिकाऱ्याला धोका वाटला, की बँक ताबडतोब बंद.

आता खवले मांजराला धोका वाटला की ते काय करतं? अंगाचा चेंडू करतं. साहेबांचा चेंडू झाला, की ढोलीचं तोंड गच्च बुजायचं. चेंडूतून आवाज यायचा, "आपत्कालीन बंद!"

एकदा फुलपाखरू आलं. बंद. एकदा वाळकं पान पडलं. बंद. त्या दिवशी तर झुबकी अगदी हळू म्हणाली होती, "साहेब, माझ्या आठळ्या..."

"अरे बापरे, खातेदार!" साहेब किंचाळले. बंद.

सकाळी गोंड्याने ती शेवटची आठळी खाल्ली आणि विचारलं, "अजून?"

झुबकी त्याला घेऊन बँकेकडे निघाली. सुट्टीच्या दिवशी कशाला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. काळजी करायचीच आहे, तर घरी बसून करण्यापेक्षा तिथे उभं राहून करू, एवढंच.

वाटेत खवलेसाहेब भेटले. बायकोमुलांना घेऊन वारुळावर सहलीला चालले होते. तेवढ्यात मागे एक फांदी कडाड्‌कन मोडून पडली. साहेबांनी मानसुद्धा वळवली नाही.

"साहेब, घाबरला नाहीत?"

"आज कशाला घाबरू? आज सुट्टी आहे."

"आणि बँक?"

"कडेकोट बंद."

"पण दारात तर तुम्हीच असता ना?"

"बाई, मी सुट्टीवर आहे."

झुबकी ओरडली, "अहो, म्हणजे कुणीही आत जाईल!"

"बंद बँकेत कसं जाईल? कायद्याने अशक्य आहे ते. आणि अशक्य गोष्टींची काळजी मी करत नाही." साहेब मुंग्या चाटत पुढे गेले.

झुबकी धावतच पोचली. ढोली सताड उघडी होती. आत ससे होते, साळिंदर होतं, पंख सावरत उभ्या तांबटमावशी होत्या. सगळे रांगेत. जो तो आपलंच घेत होता, वर दुसऱ्याचं सांडलेलं आवरून ठेवत होता.

"ये गं बाई," तांबटमावशी म्हणाल्या. "इतके दिवस होतीस कुठे?"

"मी... मी कामाच्या दिवशी येत होते."

अख्खी ढोली खो-खो हसली.

"हसू नका रे," साळिंदर म्हणालं. "शिकलेली आहे ती."

झुबकीही हसली. मग तिने गोंड्याच्या दोन्ही गालांत मावतील तेवढ्या आठळ्या भरल्या.

पुढे सगळ्या जंगलाने मिळून महाराजांकडे आणखी सुट्ट्या मागितल्या. प्रजा किती धार्मिक आहे, म्हणून महाराजांचा ऊर भरून आला.

तात्पर्य : बँकेला फार सुट्ट्या असतात, अशी कुरकुर करू नये. रोज बँक चालू राहिली, तर लोकांनी आपली कामं करायची कधी?

हे तात्पर्य झुबकीने गोंड्याला नीट समजावलं. शिवाय कुणापाशी बोलू नकोस, सावकाश चाव, टोकाच्या फांदीवर बसू नकोस, हेही सांगितलं.

गोंड्याने घास गिळला आणि म्हणाला, "आई, साहेब सुट्टीवर गेले की घाबरत नाहीत. मग तू कधी जाणार सुट्टीवर?"