मधला खांब

आमच्या तिन्ही दुकानांत मधोमध एकेक खांब आहे. जळगावच्या खांबावर माडी उभी आहे. धुळ्याच्या आणि एरंडोलच्या खांबांवर काय आहे म्हणाल, तर काही नाही. ते नुसतेच उभे आहेत.

आबा आमचे मालक. जळगावात एका खोलीत दोरा-बटणं विकायला बसले आणि स्वातंत्र्य आलं तोवर सुईपासून सायकलीपर्यंत सगळं एका छपराखाली आणलं. अख्ख्या खानदेशात असं दुकान नव्हतं, हे मी छातीठोक सांगतो. तिथे नोकरीला होतो म्हणून नव्हे. बरं, होतो म्हणूनच सांगतो!

आबांचं खूळ एकच. रोज सकाळी फेरी मारायची आणि विचारायचं, "बठ्ठं सारखं शे ना?" म्हणजे सगळं कालच्यासारखं जागच्या जागी आहे ना. एकदा मी बटणांचा डबा गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून वरच्या फळीवर ठेवला, तर म्हणाले, "भाऊ, तुला घर बदलायचं तर बदल. डब्याचं बदलू नको."

खांबाजवळ त्यांची बायको, आमच्या अक्का, बसायच्या. सुई, दोरा, बटणं त्यांच्याकडे. गप्पा मारता मारता हव्या त्या मापाचं बटण न बघता काढून द्यायच्या. आम्ही म्हणायचो, काय हा सराव!

धुळ्याला दुकान काढायचं ठरलं आणि तिथलं काम माझ्याकडे आलं. मी हवेत! पण अक्का अडून बसल्या. "मी नाही यायची. नवी जागा माझ्या कामाची नाही." आबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. "ती नाही, तर दुकान कुणाचं?" एवढंच म्हणत फिरायचे.

मग एक दिवस ते सुतळीचा गुंडा घेऊन धुळ्याला उतरले. जळगावचं दुकान सुतळीवर गाठी मारून मोजून आणलं होतं. गाठी ना हातभर अंतरावर, ना वारभर. भलत्याच. दारापासून सातव्या गाठीवर बोट ठेवून सुताराला म्हणाले, "इथं खांब."

"आबा, वरची तुळई भक्कम शे. खांब कशाला?"

"पाहिजे."

माझं टाळकंच फिरलं. "ऐन मोक्याच्या जागी खांब? धुळ्याची माणसं हसतील, आबा!"

"हसू दे. हसायला तरी आत येतील."

कशीबशी समजूत पटून अक्का उद्घाटनाला आल्या. टांग्यातून उतरताना त्यांनी आबांचा हात धरला होता. उंबऱ्यापाशी आबांनी तो सोडला. मी पुढे धावलो, तर मला मनगटाला धरून मागे ओढलं.

अक्का सात पावलं चालल्या आणि हात पुढे केला. खांब लागला. त्यांनी तो वरखाली चाचपला, उजवीकडे वळून बसल्या, खण ओढला आणि समोरच्या बाईला विचारलं, "कुठल्या मापाची देऊ गं बटणं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अक्कांना दिसत नव्हतं. कधीपासून, कुणास ठाऊक! आणि त्या सुतळीवरच्या गाठी अक्कांच्या पावलांच्या होत्या. रोज गर्दीत वावरून दोघांनी आम्हाला पत्ता लागू दिला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

आबा खांबाशी जाऊन उभे राहिले. रोजचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं.

"अहो," अक्का हळूच म्हणाल्या, "बठ्ठं सारखं शे."

एरंडोलचा खांब मात्र मी उभा केला. आबांना न विचारता, दाराच्याही आधी. ती सुतळी अजून माझ्याकडे आहे.