सूरजच्या पायाबद्दल अठरा जबाब

रेफरीने खिशातून लाल कार्ड काढलं तेव्हा नानासोंच्या हातात चहाची बशी होती. ती पुढे कुठे गेली याबद्दल वाडीत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, टीव्हीच्या कडेला लागून खिडकीतून बाहेर गेली. दुसरा म्हणतो, शोएबच्या झेरॉक्स मशिनात शिरली आणि म्हणूनच त्या मशिनातून अजून प्रत्येक कागदावर एक गोल डाग येतो. बशी मात्र कुणालाच सापडली नाही.

उंब्रजपासून आत, डोंगराच्या अंगाला असलेल्या या वाडीत फुटबॉलचं मैदान नाही. तेवढी सपाट जागाच नाही. चेंडू एकदा सुटला की थेट हायवेलाच गाठावा लागतो. पण वाडीतल्या मंगलचा मुलगा सूरज दहाव्या वर्षी मामाकडे कोल्हापूरला गेला, तिथल्या तालमीच्या संघात फुटबॉल शिकला आणि बघता बघता गोव्याच्या 'दर्यावर्दी' या व्यावसायिक क्लबात बचावपटू झाला. तेव्हापासून वाडीत उसाला पाणी पाजता पाजता माणसं ऑफसाइडवर भांडतात. मॅच असली की शोएबच्या ई-सेवा केंद्रात सातबारा बंद आणि टीव्ही चालू. पुढची एकुलती एक खुर्ची नानासोंची. ते सूरजचे चुलत आजोबा, शिवाय गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष.

"पाय चेंडूला हुता! चेंडूला!" नानासो उठून उभे राहिले. "त्या गड्यानं आपलं आपण डोकं खाली घातलं. त्येला सूरज काय करणार?"

"मघाशी त्यांच्या पाच नंबरनं सूरजचा शर्ट ओढला, समद्या देशाला बेंबी दिसली," शोएब म्हणाला, "तवा ह्याची शिट्टी कुठं गेलती?"

"आपल्याला हितं बसून चार बाजूंनी दिसतंय, आन् पाच हातावर उभ्या माणसाला एका बाजूनं दिसंना!"

टीव्हीत सूरज मान खाली घालून बाहेर निघाला. नानासोही त्याच्याबरोबर बाहेर निघाले आणि निषेध म्हणून उरलेला सामना त्यांनी खिडकीतून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सूरजचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"आबा, सोडून द्या. रेफरीनंच अहवालात लिवलंय, पाय अनवधानानं लागला म्हणून. एकच मॅच बाहेर बसायचंय, शनिवारची. तिला काय अर्थ न्हाई, आमी फायनलला कवाच पोचलोय. फायनल खेळतोय की मी."

"अनवधानानं लागला, तर मग एक तरी मॅच का?"

"आबा, हितं असंच असतंय."

"तिकडं असंल. वाडीत न्हाई," नानासो म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

नानासो अध्यक्ष झाल्यापासून वाडीतला एकही तंटा पोलीस ठाण्यात गेला नव्हता. त्याचं कारण त्यांची पद्धत. भांडण घेऊन कुणीही आलं की ते एकच वाक्य बोलायचे, "लिहून दे." तक्रार करणाऱ्याने लिहून द्यायचं, ज्याच्यावर तक्रार त्याने लिहून द्यायचं, बघणाऱ्यांनी लिहून द्यायचं. लिहिता लिहिता निम्म्या लोकांचा राग जायचा, उरलेल्यांना शाई मिळायची नाही. या पद्धतीने त्यांनी बांध मिटवले, विहिरी मिटवल्या, एक लग्नसुद्धा मिटवलं होतं.

"शोएब, त्या फुटबॉलवाल्यांच्या शिस्तपालन समितीचा पत्ता काढ," ते म्हणाले. "पाय मुद्दाम मारला न्हाई हे दावायचं आसंल, तर तो आपसूक वर जातो हे दावायला पायजे. आन् ते आपल्याबिगर कुणाला म्हाईत हाय?"

सोमवारी सकाळपासून ई-सेवा केंद्रासमोर रांग लागली. गावाने एवढी रांग रेशनलाही कधी लावली नव्हती.

पहिला जबाब मंगलचा. "माझा सूरज पाळण्यात असल्यापासून पाय वर करतो. दोन वेळा पाळण्याची दोरी तुटली. पण त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता."

दुसरा शेजारच्या हरणाबाईंचा. "माझी दुधाची बादली त्याने एकंदर चार वेळा लाथाडली. म्हशीला एकदा लागली, ती दोन दिवस आटली. तरी मी कधी तक्रार केली नाही, कारण पोरगं गुणी आहे."

निवृत्त शिक्षक उदयसिंह गुरुजींनी स्वच्छ अक्षरात यादीच दिली. "शाळेत त्याचा पाय तीन विद्यार्थ्यांना, एका शिपायाला आणि एकदा तपासणीस आलेल्या साहेबांना लागला. प्रत्येक वेळी त्याने ताबडतोब माफी मागितली, हे विशेष नमूद करावेसे वाटते."

असे सतरा झाले. अठरावा खुद्द नानासोंचा. सूरज नऊ वर्षांचा असताना नानासो त्याला नारळाच्या करवंटीवर किक शिकवत होते. करवंटी जागेवर राहिली, पाय वर आला आणि नानासोंचा पुढचा दात गेला. तेव्हापासून तिथे बसवलेला दात आहे. नानासोंनी तो दात काढून तळहातावर ठेवला, शोएबने त्याचा फोटो घेतला. फोटोखाली लिहिलं, 'पुरावा क्रमांक अठरा. हेतू नव्हता.'

घरी त्यांनी बायकोला, म्हणजे धोंडुबाईंना, सगळे जबाब मोठ्यांदा वाचून दाखवले. धोंडुबाई भाकरी थापता थापता थांबल्या.

"आवं, एक इचारू?"

"इचार."

"हे ऐकून मलाच त्या पोराचं भ्या वाटाया लागलं. त्या लोकान्ला काय वाटंल?"

"तुला कायद्यातलं कळत न्हाई."

"ते बी खरंच," धोंडुबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी उलटली.

शोएबने अठरा जबाबांचं मोबाइलवर इंग्रजी करून घेतलं, वर ग्रामसभेचा ठराव जोडला आणि सोमवारी चार वाजता मेल पाठवला. बुधवारी उत्तर आलं. दोन दिवसांत उत्तर आल्याचं पाहून नानासोंची छाती दोन इंच वाढली. "बघा! सरकारी कचेरीला न्हाई जमत हे," ते म्हणाले. सगळी वाडी जमल्यावर शोएबने वाचायला घेतलं.

"'आपल्या गावाने आपणहून पुरवलेल्या माहितीबद्दल समिती आभारी आहे.'"

टाळ्या पडल्या.

"'इतक्या प्रामाणिक साक्षी समितीसमोर आजवर आलेल्या नाहीत.'"

पुन्हा टाळ्या. हरणाबाईंनी पदराने डोळे पुसले.

"'रेफरीने एकच प्रसंग पाहिला होता. आपल्या कागदपत्रांतून मात्र पाळण्यापासून आजतागायतचे एकतीस प्रसंग समोर आले...'" शोएबचा आवाज बारीक झाला. "'त्यामुळे रेफरीच्या अहवालातला अनवधानाने हा शब्द आम्ही वगळत आहोत. खेळाडूची बंदी एका सामन्यावरून तीन सामने करण्यात येत आहे. बंदीच्या काळात त्याने मैदानाच्या आवारातही येऊ नये. ज्या गृहस्थांचा दात गेला त्यांना समितीची सहानुभूती.'"

कुणीच टाळी वाजवली नाही. तीन सामने म्हणजे शनिवारचा, नंतर फायनल आणि पुढच्या हंगामातला पहिला. हे गणित वाडीतल्या म्हशींनासुद्धा कळलं असावं, कारण त्याही गप्प होत्या.

तेवढ्यात नानासोंचा फोन वाजला. सूरज होता.

"आबा," तो म्हणाला, "ते पाळण्याचं कुणी सांगितलं?"

गुरुवारी मंगलने तंटामुक्ती समितीकडे तक्रार केली. मंगल कधी कुणाच्या वाटेला जाणारी बाई नव्हे, म्हणून सगळे जास्तच गंभीर झाले. "मामंजी वडीलधारं हायती," ती म्हणाली, "पर माझ्या लेकानं ह्या एका फायनलसाठी धा वर्सं घाम गाळलाय. ती ह्यांनी दोन दिसात घालवली. समितीनं निवाडा करावा."

अध्यक्षांवरच तक्रार असल्याने अध्यक्ष खाली सतरंजीवर बसले आणि उदयसिंह गुरुजी खुर्चीवर. गुरुजींनी फार ताणलं नाही.

"नानासोंनी हे अनवधानाने केलं असं आम्ही मानतो. तरी शिक्षा हवी. एक सामना टीव्हीसमोर यायचं नाही. शनिवारचा."

वाडीला हे पटलं. शोएब नानासोंच्या कानाशी लागला. "नाना, गप ऱ्हावा. शनिवारच्या मॅचला काय अर्थ न्हाई. फायनल बघाया मिळतीया की."

नानासोंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की शोएब सतरंजीच्या कडेला सरकला.

"अनवधानानं झालं, तर मग एक तरी मॅच का?" नानासो उभे राहिले. "हेतू चांगला हुता का न्हाई? मग शिक्षा कशाची? मी अपील करतोय."

"नाना, नगा," शोएब कळवळून म्हणाला.

"माझा हेतू कसा असतोय हे चाळीस वर्सं बघितलेला साक्षीदार आणतो. उद्या लेखी घ्या."

तो साक्षीदार म्हणजे धोंडुबाई. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या सांगत गेल्या आणि शोएब टाइप करत गेला. नवऱ्याला वाचवायचं या एकाच ध्यासाने त्या घरून पाठ करून आल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी गुरुजींनी तो जबाब सर्वांसमोर वाचला.

"'आमच्या ह्यांचा हेतू आजवर एकदाही वाईट नव्हता. माझ्या भावाचं लग्न जमत होतं तेव्हा ह्यांनी मुलीकडच्यांना भावाबद्दल सगळं खरं खरं लिहून दिलं. भाऊ अजून तसाच आहे. मेढ्याच्या पाहुण्यांच्या बांधाचा तंटा मिटवायला हे गेले. गेले तेव्हा तंटा एक होता, आले तेव्हा तीन होते. माझ्या बहिणीची सासू रुसली होती, तिची समजूत काढायला ह्यांना पाठवलं. ती तेव्हापासून कुंडलला लेकीकडे आहे. विहिरीवरची मोटर दुरुस्त करायला ह्यांनी घेतली, त्याला अकरा वर्षं झाली. माणूस सोन्यासारखा आहे. चाळीस वर्षं हे असंच करतात, पण मुद्दाम एकदाही नाही.'"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि जबाब मनाशी परत एकदा वाचला. मग समितीच्या दोन सभासदांकडे पाहिलं. दोघांनी मान हलवली.

"तीन सामने," गुरुजी म्हणाले.

धोंडुबाई पहिल्या रांगेत होत्या. "मी समदं चांगलंच सांगितलं की ओ, गुरुजी," त्या घाबरून म्हणाल्या.

"म्हणूनच, वहिनी."

नियम नानासोंचाच, पद्धत त्यांचीच आणि निकालाच्या तळाला सही करायची जागाही त्यांनीच दहा वर्षांपूर्वी छापून घेतली होती. त्यांनी सही केली.

पुढच्या रविवारी साडेपाचला फायनल होती. केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढची खुर्ची तेवढी रिकामी ठेवली होती, तिला कुणी हात लावला नाही. नानासो बाहेर कट्ट्यावर, टीव्हीकडे पाठ करून बसले होते. ऐकायला बंदी नव्हती, हे त्यांनी गुरुजींकडून आधीच लेखी घेतलं होतं.

सूरज सकाळच्या गाडीने आला होता. आत सगळ्यांनी त्याला जागा केली, पण तो दहा मिनिटांत बाहेर आला आणि नानासोंच्या शेजारी उभा राहिला.

"बघ की आत जाऊन," नानासो म्हणाले.

"न्हाई बघवत, आबा. माझ्या जागेवर तो नवा पोरगा हाय. लय मागं ऱ्हातोय."

नानासोंनी कट्ट्यावरची धूळ बोटाने झाडली.

"सूरज, माझं चुकलं रं."

"जाऊ द्या, आबा. तुमचा हेतू..."

"त्यो शब्द काढू नगंस."

सूरजला हसू आलं. नानासोही हसणार, इतक्यात आत शोएब किंचाळला, "डावीकडनं क्रॉस आला! क्रॉस आला! पोरगं हललंच न्हाई!"

सूरजच्या डोळ्यांसमोर तो चेंडू आला असावा. दहा वर्षं जे केलं तेच अंगाने केलं. तो एक पाऊल मागे सरकला, उडाला आणि त्याचा उजवा पाय हवेतला तो नसलेला चेंडू उडवायला खांद्याच्या वर गेला. नानासो नेमके त्याच क्षणी कट्ट्याखाली गेलेली चप्पल काढायला वाकले होते, आणि चप्पल घेऊन डोकं वर करत होते.

आवाज आतपर्यंत गेला. चाळीस माणसांनी एकदम खिडकीकडे माना वळवल्या, आणि त्या तशाच वळलेल्या असताना तो क्रॉस वाया गेला, चेंडू दुसऱ्या टोकाला पोचला आणि दर्यावर्दीचा विजयी गोल झाला. वाडीतल्या एकाही माणसाने तो पाहिला नाही. तो नुसता टीव्हीनेच पाहिला.

नानासो मातीत बसले होते. समोर तो दात पडला होता, पुरावा क्रमांक अठरा. सूरज पांढराफटक पडून त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. मंगल धावत आली, हरणाबाई आल्या, गुरुजी चष्मा सावरत आले. धोंडुबाईंनी पदर खोचला. शोएब सवयीने हातात कोरा कागद आणि पेन घेऊनच बाहेर पडला होता.

"मी बघितलंय," हरणाबाई म्हणाल्या. "पोराचा काय दोष न्हाई. त्याचा पाय आपसूकच..."

नानासोंनी दात उचलला, धोतराला पुसला आणि दुसरा हात वर केला. रेफरी करतो तसाच. सगळे जागच्या जागी थांबले.

"माझंच डोकं मधी आलं," ते म्हणाले. "आन् आता कुणीबी काय लिहून देऊ नगा."