विहित नमुन्याबाहेरची प्रार्थना

श्रद्धा मनात असते आणि मनाची तपासणी करता येत नाही, ही सर्वच धर्मांची जुनी प्रशासकीय अडचण आहे. सोनपेठच्या शांतवन खरातांनी ती आपल्या घरापुरती दूर केली.

खरातसाहेब एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळतात. त्यांची मुलगी सलोमी चौथीत आहे. तिची आई परभणीला नर्स. सकाळच्या एसटीनं जाते, दिवे लागल्यावर येते. त्यामुळे पोरीचं खाणंपिणं आजी सुलाबाईंकडे आणि आत्मा साहेबांकडे, अशी कामाची वाटणी आहे. मी त्यांचा शेजारी, शिवाय आमच्या चर्चच्या मंडळीचा चिटणीस. म्हणून हे सगळं मला जवळून पाहता आलं.

पूर्वी सलोमी देवाशी बोलायची ती हौदावर, भांडी विसळता विसळता. "देवा, उद्या गणिताच्या बाईला ताप येऊ दे. लय नको, थोडाच." या प्रार्थनेत विषय नाही, संदर्भ नाही, दिनांक नाही. वरच्या कार्यालयानं तिच्यावर कार्यवाही करायची तरी कशी? म्हणून शाळा उघडली तसा साहेबांनी घरी रोज संध्याकाळी बायबलचा अभ्यास सुरू केला आणि पाठोपाठ मनन-वही लावली. रकाने असे: वाचलेला भाग, मिळालेला बोध, मानलेले आभार, केलेला निश्चय, पालकांची सही.

सुरुवातीला सलोमीनं बोधाच्या रकान्यात लिहिलं, "आज काही कळलं न्हाई." साहेबांनी लाल शाईत शेरा मारला, "कळले, असे लिहावे." त्यानंतर तिला सगळं कळू लागलं. दिवाळीपर्यंत तिचा आत्मिक आनंद शंभर टक्क्यांवर गेला (खोडाखोड वगळून) आणि हौदावरची बडबड थांबली.

साहेब म्हणाले, "पोरगी गंभीर झाली."

आजी म्हणाली, "गप झाली म्हन की."

दिवाळी सरली. शेजारचे आसाराम आणि छबूबाई दरवर्षीसारखे ऊसतोडीला निघायच्या तयारीला लागले. त्यांची शिवकन्या दरसाल गावात आपल्या आजीपाशी राहायची. ती आजी उन्हाळ्यात वारली, म्हणून यंदा पोरगीही फडावर जाणार होती. शिवकन्या आणि सलोमी पहिलीपासून एका बाकावर बसतात.

त्या संध्याकाळी अभ्यासाला विषय होता शेजाऱ्यावरची प्रीती. सलोमीनं पेन खाली ठेवलं.

"पपा, मागायचं कुठल्या रकान्यात?"

"काय मागायचं?"

"शिवकन्यानं जाऊ नये म्हनून."

साहेबांनी वही चाळली. मागणीला रकाना नव्हता. "आभारात लिही. इतकी वर्षं तिची सोबत लाभली म्हणून."

"पन ती हाय की अजून!"

"मग निश्चयात लिही. तिला कधी विसरणार नाही, असं."

सलोमी रडायला लागली. (रडण्यासाठीही तरतूद नव्हती, ही त्रुटी साहेबांनी पुढं माझ्यापाशी मान्य केली.) मागणी ही धोरणात्मक बाब असल्यानं ती रविवारी पाळकसाहेबांपुढं ठेवू, असं त्यांनी तिला समजावलं. रविवारी पाळकसाहेब वही बघायला येणारच होते. पसंत पडली तर ती मंडळीतल्या सगळ्या घरांना लागू व्हायची होती.

रविवारी उपासना आटोपून आम्ही चार मंडळी साहेबांच्या बैठकीत पोहे खात बसलो. बाहेर आसारामच्या दारात ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत भांडी, कोयते, गोधड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर शिवकन्या.

"वाच बाळ, शेजाऱ्याचा पाठ वाच," पाळकसाहेब म्हणाले.

सलोमी उभी राहिली. "आजच्या पाठातून मला असा बोध मिळाला की," इथवर ती आली आणि बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. तिनं वही पाळकसाहेबांच्या हातात दिली अन् धावत सुटली. आम्ही दारात जाईपर्यंत ती ट्रॅक्टरपुढं जाऊन उभी राहिली होती. ओरडत होती; आसारामला, आजीला की आणखी कुणाला, ते समजायला मार्ग नव्हता.

"हिला ठिवून घ्या की! माझ्या अंथरुनात झोपंल, माझ्या ताटात जेवंल! देवा, सांग की रे ह्यांना!"

ड्रायव्हरनं गाडी बंद केली. आम्ही पोह्यांच्या बश्या हातात धरून उभे. (माझे पोहे थोडे उरले होते. ते मी संपवले.)

"सलोमी, आत ये," साहेब म्हणाले. "पाळकसाहेब थांबलेत."

त्यांच्या बाजूनं सुलाबाई अनवाणीच पुढं गेल्या आणि ट्रॉलीपाशी हात वर केला. "उतर गं माय. तुझे मायबाप येईस्तोर ऱ्हा माझ्यापाशी."

छबूबाईनं पदर तोंडाला लावला. मग बोलली, "मामी, तुमच्या देवाचं शिकवा न्हाईतर नका शिकवू. पन तिचे पाढे तेवढे घ्या. तिकडं गेलं की समदं इसरत्यात लेकरं."

आसारामनं पोरीला खाली उतरवलं. मग तिचं दप्तर काढलं आणि ते हातात धरून कर्त्या पुरुषाकडं, म्हणजे खरातसाहेबांकडं, बघत राहिला. साहेबांनी बोलायला तोंड उघडलं, पण मसुदा तयार नव्हता. मग ते पायऱ्या उतरले, आसारामच्या हातातलं दप्तर घेतलं, आपल्या खांद्याला अडकवलं आणि दोन्ही पोरींच्या मागं मान खाली घालून घरात आले.

रात्री वहीत शेरा पडला: "प्रार्थना मंजूर. तथापि विहित नमुन्यात अर्ज नसल्याने नोंद घेता येत नाही." सहीची शाई पसरली आहे.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी हीच हकीकत प्रवचनात सांगितली. डोळे कोरडे राहिले असं एकही घर नव्हतं. उपासना संपताच सगळ्यांनी माझ्याभोवती गर्दी करून वहीचा नमुना मागितला. सुधारित आवृत्तीत मागणीचा रकाना घातला आहे. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतून आणखी ट्रॅक्टर गेले. त्यांच्यावरही लेकरं बसलेली होती. आम्ही दारात उभं राहून त्यांना हात हलवून निरोप दिला.

वाचता वाचता तुम्हीही हळहळला असाल. ही गोष्ट आपल्या मुलांना वाचून दाखवावी, असंही मनात आलं असेल. जरूर दाखवा. नमुना माझ्याकडे मिळेल. तो देताना तुमच्या घरी एखादं अंथरूण रिकामं आहे का, असं मी विचारणार नाही. निश्चिंत असा.