चौदा जागी त्रेचाळीस गोगलगाई

दोनशे बारा पानांचा अहवाल एका पानात बसवायचा म्हणजे काय करायचं, हे शंखबाईंना आठवडाभरात समजलं होतं. दोनशे अकरा पानं फेकून द्यायची. पण बुधवारी दुपारी खात्याच्या हेडक्लार्कचा फोन आला आणि उरलेलं एक पानही जास्तच होतंय, असं कळलं.

"साहेब पान नाही वाचत, बाई. तक्ता वाचतात. पाठवलाय तुम्हाला. पाचच्या आत भरून द्या, उद्या अकराला बैठक आहे."

शंखबाई हे नाव खात्यानं ठेवलेलं. शहरामागच्या पाणथळीत नखाएवढ्या गोगलगाई राहायच्या आणि त्यांच्यामागे बाईंनी सहा वर्षं घालवली होती. दर महिन्याला गुडघाभर चिखलात उतरायचं, लाकडी चौकट टाकायची आणि चौकटीतल्या गोगलगाई एकेक करून मोजायच्या. ही जात दुसरीकडे कुठे सापडल्याची नोंद नव्हती. आणि नेमकी तीच पाणथळ बुजवून तिथे बसडेपो बांधायचा की नाही, हे उद्या ठरणार होतं. ठरवणाऱ्यांपैकी एकानंही तिथे कधी बूट ओले केले नव्हते.

तक्ता उघडला आणि बाईंचं डोकंच फिरलं. खात्याच्या मालकीच्या चौदा जागा, समोर गोगलगाईंच्या आकड्यासाठी चौदा चौकटी. बाईंनी पाणथळीपुढे सरासरी लिहिली, त्रेचाळीस. बाकीच्या तेरा चौकटी मोकळ्या ठेवल्या आणि तक्ता पाठवून दिला. दोन मिनिटांत पुन्हा फोन.

"बाई, मोकळी चौकट कॉम्प्युटर घेत नाही."

"मग 'माहीत नाही' असं लिहा."

"अक्षरं घेत नाही. आकडाच लागतो."

"मी त्या तेरा जागी गेलेलीच नाहीये. आकडा कुठून आणू?"

"शून्य टाका की."

"शून्य म्हणजे मी गेले, शोधलं आणि काही सापडलं नाही. मी तर गेलेच नाही. यातला फरक कळतो का तुम्हाला?"

"मला कळतो हो. कॉम्प्युटरला कळत नाही."

"मग उद्याचा निर्णय कॉम्प्युटर घेणार आहे का?"

"तसं झालं तर बरंच होईल," हेडक्लार्क हळूच म्हणाले. बाईंनी फोन आपटला.

हेडक्लार्क मनाने वाईट नव्हते, आणि घोटाळे बहुधा अशाच माणसांच्या हातून होतात. सव्वीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद उशिरा गेला नव्हता. मोकळं ठेवलं तर कॉम्प्युटर रुसतो, शून्य टाकलं तर बाई भडकतात. पाचला पाच कमी असताना त्यांनी त्या त्रेचाळीसचा कोपरा माऊसने धरला आणि सरळ खालपर्यंत ओढला. चौदाही चौकटी भरल्या. तक्ता हिरवा झाला. हेडक्लार्क समाधानाने घरी गेले.

गुरुवारी अकराच्या बैठकीला साहेब साडेअकराला आले. त्यांनी चष्मा लावून तक्ता वरून खाली वाचला.

"पाणथळ, त्रेचाळीस. डांबराचं गोदाम, त्रेचाळीस. छापखान्याची गच्ची, त्रेचाळीस. ऑफिसमागचं पार्किंग, त्रेचाळीस. वा." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे या गोगलगाई सगळीकडे आहेत, आणि सगळीकडे सारख्याच. मग एका पाणथळीतल्या गेल्या तर बिघडलं कुठे? डेपो मंजूर."

टेबलाभोवतीच्या पाचही माना हलल्या. पाण्यात राहणारी गोगलगाय गच्चीवर काय करत असेल, हा प्रश्न त्यातल्या एकीलाही पडला नाही. भिंतीजवळच्या खुर्चीवरून बाई ताडकन उभ्या राहिल्या.

"हा तक्ता खोटा आहे."

"आकडे तुमचेच आहेत ना?"

"पाणथळीचा माझा. बाकीचे तेरा मी दिलेलेच नाहीत."

"मग कोणी दिले?"

हेडक्लार्क पंख्याकडे बघू लागले.

आतापर्यंत बिस्किटं खाण्यात गर्क असलेले कायद्याचे अधिकारी पहिल्यांदाच बोलले. "साहेब, पंचाईत झाली. तक्ता इतिवृत्तात नोंदला गेला. तो खोटा आहे, हेही आत्ता नोंदलं गेलं. चौदाही जागांची खरी माहिती आल्याशिवाय यातल्या कुठल्याच जागेवर फावडं मारता येणार नाही. मारलं आणि कोणी कोर्टात गेलं, तर खाली सही तुमची आहे."

"मग करून टाका पाहणी. आठवडाभरात."

"नाही जमणार. सगळ्या जागांना एकच पद्धत लागते, असा आपलाच नियम आहे. पाणथळीला सहा वर्षं लागली, तर गच्चीलाही सहा वर्षं."

साहेबांनी तक्ता पुन्हा जवळ ओढला आणि पार्किंगच्या ओळीवर बोट ठेवलं. ऑफिसमागच्या त्या पार्किंगवर त्यांच्या गाडीसाठी छप्पर सोमवारपासून उभं राहायचं होतं. शेवटी त्यांनी डेपोवर 'स्थगित' लिहिलं आणि पेन टेबलावर टाकलं.

संध्याकाळी घरी बाईंना नवऱ्याने विचारलं, "जिंकलीस की. मग तोंड का असं?"

"जिंकले? सहा वर्षं चिखलात उभी राहिले मी. दोनशे बारा पानं लिहिली. त्यातली एक ओळ कोणी वाचली नाही. एका माणसाला पाचला घरी जायचं होतं, म्हणून वाचली पाणथळ. संताप होतो नुसता."

"पण वाचली ना?"

"वाचली," बाई म्हणाल्या. हा शब्द इतक्या रागाने क्वचितच कोणी उच्चारला असेल. नवऱ्याने चहा पुढे सरकवला आणि तो शहाण्यासारखा आतल्या खोलीत गेला.

महिनाभराने बाई चौकट घेऊन ऑफिसमागच्या पार्किंगमध्ये हजर झाल्या. ऊन मी म्हणत होतं. डोक्यावर फाईल धरून साहेब स्वतः बाहेर आले.

"बाई, काय दिसतंय इथे?"

"धूळ. ऑईलचा डाग."

"आणि गोगलगाय?"

"आज नाही दिसली."

"उद्या दिसणार आहे का?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"अहो, शून्य लिहा आणि मोकळं करा मला. छपराचे खांब येऊन पडलेत. दुपारी गाडीत बसवत नाही."

बाईंनी चौकट उचलून दोन पावलं पुढे टाकली. गुडघ्यांवर बसून आतली धूळ नीट तपासली, वहीत तारीख लिहिली.

"लिहीन ना, साहेब. सहा वर्षं झाली की नक्की लिहीन," त्या वर न बघता म्हणाल्या. "तोवर गाडी जरा मागे घ्या. चौकटीत येतेय."