वजीरचाचांच्या गाडीचा काटा

लग्नात पाहुणे जेवायला बसले की वजीरचाचा मांडवाबाहेर त्यांच्या मोटारसायकलींच्या टाक्यांत तुराटीची वाळकी काडी बुडवत फिरायचे. तुराटी उन्हात धरायची, ओल बोटानं मापायची आणि भर पंगतीत येऊन जाहीर करायचं, "नवऱ्याचे मामा, तुमची औंढ्यापातुर बी जात न्हाई!" मामांचा घास तोंडातच. एकदा त्यांनी एसटीच्या ड्रायव्हरलाच खाली उतरवलं. "काटा टाकी अर्धी दाखवून राहिला ना," तो बिचारा म्हणाला.

"काट्याचं खरं न्हाई," चाचा म्हणाले.

हे वाक्य म्हणजे त्यांचा श्वास. वाण्याचा तराजू असो की आमच्या शाळेचं घड्याळ, सगळ्यांना एकच शिक्षा. मी मास्तर, त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा, आणि मस्करीत शिरड शहापुरात पहिला. मला असा शेजारी म्हणजे रोजचा तमाशा, तोही फुकट.

गावात जीपा आणि एसटी, आणि त्यांच्यात चाचांची ती लाल, बिनटपाची, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. उमेदीची वर्षं त्यांनी हैदराबादेत एका नवाबाची गाडी चालवली. निरोप देताना नवाबानं हीच गळ्यात मारली.

या गाडीनंच चाची गेल्या. त्यांच्या छातीत कळ आली तेव्हा जीप शोधण्यापेक्षा आपली गाडी जोरात जाते म्हणून चाचा निघाले. नांदेड गाठायचं होतं. काटा टाकी भरलेली दाखवत होता. बसमतच्या अलीकडे गाडी उभी राहिली ती राहिलीच. टाकी कोरडी. ट्रक थांबेपर्यंत चाची थांबल्या नाहीत.

"म्हाताऱ्यानं काटा पाहिलाच नसंल," गाव म्हणालं. पुढं पुढं चाचांनाही तसंच वाटू लागलं. चूक काट्याची का माझी, एवढंच त्यांना मरायच्या आत कळायला हवं होतं. वर्षानुवर्षं ते गाडी उघडत राहिले. टाकीतला तरंगता फुगा बदलला, काटा बदलला, नांदेडचा मिस्त्री आणला. काटा दर वेळी बराबर. मिस्त्री हसून गेला, चाचांची मान आणखी खाली गेली.

डावी सीट मात्र रिकामी. तिच्यावर चाचींची गोधडी घडी करून ठेवलेली. मी वाकलो तरी म्हणायचे, "मास्तर, तिकडं न्हाई."

एका दुपारी त्यांनी मला काटा वाचायला बोलावलं. चावी फिरवून स्वतः मागं टाकीत तुराटी घालून उभे. डाव्या दाराशी ओणवं राहून माझे गुडघे दुखत होते. चाचांचं लक्ष नाही पाहून मी गोधडी उचलून मांडीवर घेतली आणि डावीकडं टेकलो.

"किती दाखवून राहिला?"

काटा सावकाश उठला आणि टोकाला गेला. "भरलेली!"

"मस्करी नको, मास्तर. तुराटी कोरडी हाय."

मी उठलो. काटा पडला. बसलो. चढला. चाचा धावत आले; मला उठवून त्यांनी सीट काढली. खाली टाकीकडून येणारी तार होती. स्प्रिंगनं घासून तिचं कातडं गेलेलं. माणूस बसलं की ती पत्र्याला टेकायची आणि काटा टोकाला जायचा. चाची गेल्यावर तिथं कुणी बसलंच नव्हतं.

"चाचा, सुटलात!" मी ओरडलो. "काटाच खोटा!"

चाचा हसले नाहीत. "उर्साला न्यायचो ना तिला," ते म्हणाले, "तवा म्हणायची, मी बसले की तुमची टाकी भरते. मला वाटायचं लाडात येऊन राहिली. मी हसायचो."

मी घरातून तारेला गुंडाळायला चिकटपट्टी आणली. चाचांनी ती खिशात घातली आणि सीट होती तशी बसवली.

"तार?"

"राहू द्या. बसा, मास्तर."

मी बसलो. काटा हळूहळू टोकाला गेला. चाचा पलीकडं स्टीअरिंग धरून बसले होते, काट्याकडं बघत. पाय अवघडले म्हणून मी हललो.

"उठू नका," ते म्हणाले. "जरा वेळ बसा अजून."