करमरकरांच्या घरचा खासगी बोगदा

माणूस घराबाहेर पडला तरी घर त्याच्या डोक्यातून बाहेर पडत नाही, हे आता सर्वमान्य झालं आहे. कुलूप ओढून पाहिलं, जिना उतरलो, रिक्षात बसलो, की गिझर आठवतो. आजवर या दुःखावर परत जाऊन पाहणे हा एकच उपाय होता. विज्ञानाने आता दुसरा काढला असून तो आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत, माझ्या वरच्याच मजल्यावर, यशस्वीपणे राबवण्यात आला आहे. सोसायटीचा सचिव या नात्याने त्याची हकीकत सांगणं मला भाग आहे. (हे पद बिनपगारी आहे.)

वर श्यामसुंदर करमरकर आणि त्यांच्या पत्नी हेमाताई राहतात. एकुलता एक मुलगा सलिल हिंजवडीत नोकरीला, आणि राहायलाही तिकडेच. हिंजवडीहून बिबवेवाडीला पोचायला संध्याकाळी जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पूर्वी लोक लोणावळ्याहून चिक्की घेऊन परत येत. सबब सलिल क्वचितच येई. यावर तोडगा म्हणून त्याने आईवडिलांच्या घरात एक डबी बसवली. ती टीव्हीखाली, राउटरशेजारी असते. घरातले दिवे, पंखे, गिझर हे सगळे तिच्या हुकमात, आणि ती सलिलच्या फोनच्या हुकमात.

पण बाहेरचंच कोणी डबीला हुकूम सोडायला लागलं तर? म्हणून व्हीपीएन. म्हणजे सलिलच्या फोनपासून करमरकरांच्या दिवाणखान्यापर्यंत इंटरनेटच्या पोटातून काढलेला खासगी बोगदा. किल्ली फक्त सलिलकडे. करमरकरांना ही कल्पना फार आवडली. ज्या घरी सख्ख्या मेहुण्यालाही आधी फोन करून यावं लागतं, त्या घराला बोगदा शोभतोच. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "टोल आहे का?" आणि "दुपारी काय?"

टोल नव्हता. दुपारबद्दल मात्र त्यांनी ठणकावून सांगितलं, "एक ते चार आपण दार उघडत नाही. बोगदाही बंद राहील."

"बाबा, ते सॉफ्टवेअर आहे. ते काय बेल वाजवून येणारे?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

सलिलने मुकाट्याने तशी वेळ लावून दिली. जेवून वामकुक्षी घेणारा व्हीपीएन जगात दुसरा असेल असं मला वाटत नाही.

व्यवस्था उत्तम चालली. एके दिवशी हेमाताईंनी जेवणानंतर भांड्यांसाठी गरम पाणी काढलं आणि गिझर चालूच राहिला. चारला बोगदा उघडला, सलिलला फोनवर लाल खूण दिसली आणि कोणी वापरत असेल तर परस्पर कसा बंद करायचा, म्हणून त्याने तडक घरी फोन लावला.

"आई, गिझर."

"अगं बाई, राहिलाच की. जेवलास का?"

"हो. तू बंद कर आधी."

"केला. आवाज बसलाय का रे तुझा?"

"एसीमुळे गं. ठेवतो."

हा त्याचा कित्येक दिवसांतला पहिला फोन. हेमाताईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आहे. दुसऱ्या दिवशी गिझर पुन्हा राहिला. तिसऱ्या दिवशीही. करमरकर म्हणाले, "विसरायला लागलीस तू." त्या म्हणाल्या, "हो ना."

सोसायटीच्या इतिहासात हा काळ गिझरयुग म्हणून ओळखला जावा. मायलेकांचं बोलणं तीनशे टक्क्यांनी वाढलं (आधी ते जवळजवळ नव्हतंच, त्यामुळे वाढीला वाव होता). हेमाताई साडेतीनलाच चहा उरकून फोनजवळ येऊन बसत.

पण सलिल पडला इंजिनिअर. एकच चूक रोज होते आहे म्हटल्यावर त्याने आईकडे पाहिलं नाही, चुकीकडे पाहिलं. डबीत नियम घातला की गिझर थोड्या वेळाने आपोआप बंद व्हावा. फोन थांबले. हेमाताईंनी बाल्कनीतला दिवा भर उन्हात लावून पाहिला. एक फोन आला, पाठोपाठ नियम आला. मग बाथरूमचा पंखा, मग देवघरातली दिव्यांची माळ. दर विसरण्याला एक नियम. शेवटी घर इतकं हुशार झालं की हेमाताईंना विसरायला काही उरलं नाही.

मग एका बुधवारी त्यांनी राउटरचाच प्लग काढला.

बोगदा ढासळला. सलिलला घर दिसेना. त्याने घाबरून वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, "आमच्याकडे दिवे लागताहेत. तुला दिसत नाहीत हा तुझा प्रश्न." कंपनीची बस, पुढे रिक्षा, असं करत तो संध्याकाळी स्वतः येऊन दारात उभा राहिला.

"प्लग कोणी काढला?"

"मिक्सर लावायचा होता," हेमाताई म्हणाल्या.

चटणी खरोखरच केलेली होती. सोबत अळूवड्या, कढी, मऊ भात आणि खरवस. खरवस काही कोणी चुकून करत नाही, हे एखाद्याच्या लक्षात आलं असतं. सलिलच्या लक्षात आलं ते एवढंच की प्लग निघाला तर आपल्याकडे पर्यायी व्यवस्था नाही. तो पोटभर जेवला, दोनदा भात घेतला, आणि शनिवारी माणूस पाठवून बॅटरी, जादा सिमकार्ड आणि प्लगभोवती कुलपाची पेटी बसवून घेतली. बोगदा आता पडत नाही.

पेटी पाहायला मी वर गेलो. करमरकर भाजीला गेले होते. हेमाताई म्हणाल्या, "रोज घरात असतो हो तो. मला भेटत मात्र नाही. फार आठवण येते."

मला वाईट वाटलं. मी त्याच संध्याकाळी सलिलला फोन करून हे जसंच्या तसं सांगितलं. "सॉरी काका, खरंच लक्षात नाही आलं. करतो काहीतरी," तो म्हणाला. मुलगा मनाने चांगला आहे, याबद्दल सोसायटीत दुमत नाही.

आणि त्याने केलं. आता रोज दुपारी चारला डबीतून त्याच्याच आवाजात ऐकू येतं, "आई, जेवलीस का? काळजी घे." रेकॉर्डिंग अतिशय स्वच्छ आहे. सुरुवातीला हेमाताई त्याला उत्तर देत. हल्ली त्या चारच्या आत बाहेर पडतात आणि बागेत जाऊन बसतात.

एव्हाना वाचकांनी सलिलला मनातल्या मनात चार शब्द सुनावले असतील. सुनावावेतच. काहींचे डोळेही पाणावले असतील (त्याला सोसायटी जबाबदार नाही). असे वाचक आता हातातलं सगळं बाजूला ठेवून फोन उचलतील, चांगल्या उजेडात या पानाचा फोटो काढतील आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकून आईला पाठवून देतील. थोड्या वेळाने दोन खुणा निळ्या होतील. त्या झाल्या, की आई बरी आहे असं समजायला हरकत नाही.